मंडळीची सेवा की संस्थेची सेवा? वसई, नगर आणि जामखेडच्या निमित्ताने

वसईचा वाटसरू

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या सेवाकार्याविषयी बोलणे निघाले की ठरावीक नावे पुढे येतात : मिरजेचे वानलेस रुग्णालय, पंडिता रमाबाईंची केडगावची मुक्ती मिशन, फार तर आपापल्या गावातील एखादी कॉन्व्हेंट शाळा. ही नावे मोठी आहेत यात वाद नाही. सर विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. परंतु या नावांच्या छायेत एक माणूस कायम झाकला जातो. रविवारी चर्चच्या बाकावर बसणारा, केळी पिकवणारा, मासे विकणारा किंवा प्राथमिक शाळेत शिकवणारा सामान्य भाविक या चित्रात कुठेच नसतो. सेवा करणारा तो कोणी परदेशी डॉक्टर किंवा कोणी सिस्टर, आणि आपण आपले उपासनेला जाणारे, अशी वाटणी ख्रिस्ती नसलेल्यांनी केलेली आहेच, पण ती पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीही मनोमन मान्य केलेली दिसते.

बायबलच्या नव्या कराराला ही वाटणी मान्य नाही. याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्याय थेट विचारतो की उघड्या-उपाशी भावाला नुसते 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावणाऱ्याच्या विश्वासाचा उपयोग काय. त्याहून अधिक बोलका प्रसंग 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या पहिल्यावहिल्या मंडळीत (म्हणजे स्थानिक भाविकसमुदायात) रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी स्वतः वाढपी होण्याऐवजी मंडळीलाच आपल्यातून सात जण निवडायला सांगितले. म्हणजे मंडळीच्या इतिहासातील अगदी सुरुवातीच्या कारभारविषयक निर्णयांपैकी एक भाकरीच्या वाटपाविषयी होता आणि माणसे कोणती नेमायची हे लोकांनी ठरवले.

या कसोटीवर मला वसईचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी वसईचा कॅथलिक शेतकरी सावकाराच्या हाती होता. पानवेल, केळी, भाजी आणि फुले अशी नगदी बागायत असली तरी पैसा हंगामाने येतो आणि घरखर्च, आजारपण व लग्नकार्य हंगामाची वाट पाहत नाही. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 मध्ये झाला होता, 1912 मध्ये तो विस्तारला होता. तिकडे पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रकात कामगारांचे हक्क आणि त्यांच्या संघटना यांची बाजू उचलून धरली होती, त्यामुळे जगभरातील कॅथलिक धर्मगुरूंमध्ये पतपेढी हाही धर्मकार्याचा भाग आहे ही जाणीव पसरू लागली होती. या दोन्ही गोष्टी वसईत एकत्र आल्या आणि 1918 मध्ये मोन्सिनियर (कॅथलिक धर्मगुरूंची एक सन्मान-पदवी) पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने एक छोटी पतसंस्था निघाली. तीच आजची बेसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

ही घटना केवळ आर्थिक इतिहासात जमा करणे मला पटत नाही. त्या काळच्या ग्रामीण पतपेढीचा सगळा डोलारा एकमेकांच्या ओळखीवर उभा असे. कर्ज मागणारा कसा आहे, पितो का, शेत राखतो का, शब्द पाळतो का, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. आणि धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर आणि त्यातील भाविक, ही माणसे आठवड्यातून एकदा न चुकता एका छपराखाली आणणारी व्यवस्था होती. फादरांनी पैसे वाटले असते तर दोन वर्षांत ते संपले असते. त्यांनी लोकांना एकमेकांसाठी जबाबदार केले म्हणून काम शंभर वर्षे टिकले. सुटाबुटातील आजची बँक आणि ती पतपेढी यांच्यात किती नाते उरले आहे हा स्वतंत्र प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण त्याहूनही जुने आणि पूर्ण वेगळ्या पोताचे. संत विन्सेंट डी पॉल संस्था 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केली आणि ती आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत आजही चालते. तिचे सभासद धर्मगुरू किंवा सिस्टर नव्हे, प्रापंचिक असतात. नियमाने बैठक घ्यायची, प्रार्थना करायची, बैठकीतच एक पिशवी फिरवायची, ज्यात कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही दिसू नये, आणि मग गरजू कुटुंबाला घरी जाऊन भेटायचे. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन इथे थेट कार्यपद्धती होऊन बसले आहे. या कामाची छायाचित्रे निघत नाहीत, आणि तसे असणे योग्यच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या सेवेचा निर्णय आणि खिसा दोन्ही मंडळीच्या लोकांकडे असतात ती सेवा विश्वासाचा भाग म्हणून जगते; बाहेरून आलेल्या पैशावर उभी राहिलेली सेवा, तो पैसा ओसरला की इमारतीच्या रूपाने उरते. इतर ठिकाणच्या सभासदांचा, विशेषतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील सभासदांचा अनुभव काय आहे हे जाणून घ्यायला आवडेल.

---

नगरी वाचक

धाग्याचा विषय उत्तम आहे. नगर जिल्ह्याच्या बाजूने भर घालतो.

आमच्याकडे आलेली अमेरिकन मराठी मिशन ही मूळची काँग्रिगेशनल परंपरेची, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असे मानणाऱ्यांची. तिचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत पोहोचले आणि 1831 मध्ये नगरचे ठाणे सुरू झाले. या मिशनच्या अमेरिकेतील मुख्य मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः इकडे येऊन गेले. स्थानिक मंडळ्यांनी स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि प्रसारही स्वतःच करावा, हे त्यांचे सूत्र. म्हणजे आपण जे मांडले आहे ते तत्त्व म्हणून इथे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मांडले गेले होते, तरीसुद्धा व्यवहारात मिशनचा पगार, मिशनचा बंगला आणि मिशनची शाळा यांच्याभोवतीच समाज फिरत राहिला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हीच गोष्ट सलत होती. बाप्तिस्मा घेतल्यानंतर पुष्कळ वर्षे मिशनमध्ये काम करून 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत आणि ते या मातीतले असावेत, अशी ती कल्पना होती. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. त्यामुळे 'स्वतःच्या खिशातून केले की टिकते' हे आपले विधान जरा सावधपणे करावे, असे सुचवतो.

आता खिशाविषयीच बोलायचे तर एक गोष्ट वसईकरांच्या नजरेतून सुटण्याची शक्यता आहे. वसईचा शेतकरी कर्जबाजारी असला तरी त्याची बागायत होती. नगर, जालना, सोलापूर या भागांतील खेड्यांत मंडळीत आलेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांकडे कर्ज काढायलाही जमीन नव्हती. त्यात 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. अशा मंडळीला लोक 'सेवा करणारी' म्हणून ओळखतात, वस्तुतः ती स्वतःच सेवेची हक्कदार आहे. तरीही कापणीच्या सणाला ज्वारी-बाजरीची पायली, कोंबडी, अंडी, भोपळा असे जे काही घरात असेल ते वेदीपाशी आणून ठेवायचे, उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा आणि आलेल्या पैशातून पाळकसाहेबांचा (मंडळीच्या धर्मगुरूंचा) पगार भागवून एखाद्या विधवेचे छप्पर शाकारायचे, ही रीत खेड्यापाड्यांत चालत आलेली आहे. अंडे आठपट किमतीला घेणारा माणूस कधी कधी स्वतःच ते घेऊन आलेला असतो. या अर्थशास्त्राला काय म्हणावे ते मला ठाऊक नाही, पण ते आमच्या मंडळ्यांना पुरले आहे.

---

शंकेखोर

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत. परंतु या धाग्यावर जो प्रश्न सर्वांच्या मनात आहे तो कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. सेवा आणि धर्मांतर यांचा संबंध काय? दुष्काळात धान्य देऊन माणसे धर्मात घेतली गेली, असा आरोप एकोणिसाव्या शतकापासून होत आला आहे आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे मला वाटत नाही. हे काम निरपेक्ष असेल तर ते विश्वासाचा भाग कसे, आणि विश्वासाचा भाग असेल तर निरपेक्ष कसे? प्रश्न खोचक वाटला तरी प्रामाणिकपणे विचारलेला आहे.

---

दौंड पॅसेंजर

शंकेखोर यांनी प्रश्न विचारला ते बरे झाले. तो टाळून या विषयावर बोलता येत नाही.

पंडिता रमाबाईंचा इतिहास याबाबत दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. त्यांची विधवांसाठीची निवासी शाळा, शारदा सदन, 1889 मध्ये मुंबईत उघडली आणि पुढच्या वर्षी पुण्याला आली, तेव्हा ती धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपली प्रार्थना दार बंद करून करायला त्यांनी नकार दिला. मुली त्या प्रार्थनेला बसू लागल्या, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. सल्लागारांना फसवणूक वाटावी असे त्यात काही होते, हे मान्य करायला हवे. त्याच वेळी हेही खरे की 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुलींना त्यांनी आणले आणि केडगावला आश्रय दिला, आणि त्या मुलींपैकी पुष्कळ जणींना परत घेऊन जाणारे कोणी नव्हते. पुढे तिथे विणकाम, शेती, छापखाना, अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन, असे सगळे उभे राहिले आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर तिथल्याच छापखान्यातून, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये बाहेर पडले.

माझ्या मते निरपेक्षतेची कसोटी करणाऱ्याच्या अंतःकरणात शोधण्यात अर्थ नाही, कारण तिथे कोणालाच डोकावता येत नाही. घेणाऱ्याला 'नाही' म्हणता येते का आणि 'नाही' म्हटल्यावरही त्याला ताट मिळते का, एवढे पाहावे. दुष्काळातील काही मदत या कसोटीला उतरली, काही उतरली नाही. आजच्या मदतीलाही, मग ती कोणत्याही धर्माच्या छावणीत मिळो, हीच कसोटी लावावी.

---

बालाघाटचा

दौंड पॅसेंजर यांच्या कसोटीवर जामखेडचे काम तपासून पाहण्यासारखे आहे, आणि मूळ लेखातील सिद्धान्ताला त्यामुळे थोडा धक्काही बसेल.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एकत्र शिकले. 1960 मध्ये लग्न करताना त्यांनी खेड्यातील गरिबांसाठी काम करायचे असे एकत्र ठरवले. काही वर्षे त्यांनी नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. तिथे त्यांना दिसले की रोगी बरा होऊन घरी जातो आणि त्याच विहिरीचे पाणी पिऊन पुन्हा येतो. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते 1970 मध्ये जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांचे काम सुरू झाले.

सुरुवातीला प्रशिक्षित नर्सना गावोगाव ठेवण्याचा प्रयत्न झाला, पण तो जमला नाही. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायांत दलित, परित्यक्ता आणि अक्षरओळख नसलेल्या पुष्कळ होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि बाळंतपण, अतिसार, लसीकरण, कुष्ठरोग, क्षयरोग यांविषयी शिकून परत गावी जात. सवर्ण घरातील बाळंतिणीने दलित बाईला हात लावू द्यावा, ही गोष्ट त्या काळी औषधापेक्षा अवघड होती. 1972 च्या दुष्काळात कूपनलिका घेण्याची वेळ आली तेव्हा त्या जाणीवपूर्वक दलित वस्त्यांत घेतल्या गेल्या, म्हणजे पाणी हवे असेल तर गावाने तिकडे चालत जावे. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती; 1990 च्या दशकात हे प्रमाण तिशीच्या आत आले. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण होते आणि 1978 च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याची जी भूमिका ठरली तिच्यामागच्या उदाहरणांत त्याची गणना होते. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या कामाला चालना देणारा विश्वास उघडपणे ख्रिस्ती होता आणि आरोळे दांपत्याने तो कधी लपवला नाही. परंतु निर्णय गावाचा होता, बाई गावाची होती, आणि तिच्या कामाचा लाभ घेणाऱ्या गावकऱ्यांत ख्रिस्ती माणूस शोधावा लागला असता. सुरुवातीच्या काळात परदेशी मदतही होती. म्हणजे मंडळीचा खिसा नव्हता, मंडळीचा निर्णय नव्हता, तरी काम पन्नास वर्षांहून अधिक टिकले. तेव्हा 'मंडळी की संस्था' या दोन खान्यांत जामखेड कुठे बसवायचे?

---

हिशेबनीस

एक व्यावहारिक मुद्दा. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आणि पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतूनच यावा लागतो. मोठ्या संस्थांमार्फत लहान ग्रामीण कामांना जो निधी झिरपत असे तो यामुळे आटला. म्हणून या धाग्यावरची चर्चा तात्त्विक राहिलेली नाही. पुष्कळ मंडळ्यांपुढे स्वतःच्या वर्गणीवर काय चालवता येईल हा प्रश्न आजचा आहे. हिशेब लोकांसमोर वाचून दाखवणारी मंडळी या परिस्थितीत तग धरते, हिशेब मंडळीच्या तीन वडीलधाऱ्या कारभाऱ्यांच्या कपाटात ठेवणारी धरत नाही, इतकेच माझ्या व्यवसायातील निरीक्षण नोंदवतो.

---

सुकेळी

मी वसईचीच आहे, म्हणून धागाकर्त्या भावाला थोडे टोकते.

पतपेढीविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे. परंतु ती आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी केलेली सोय होती. शोमरोनी माणसाची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात येते ती 'माझा शेजारी कोण' या प्रश्नाचे उत्तर म्हणून, आणि ते उत्तर धर्मग्रामाच्या वेशीपाशी थांबत नाही. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, त्याच्या हद्दीत आपली हिरवी बागायत येते आणि जव्हार-मोखाड्याचे पाडेही येतात, जिथे 1992 मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालके गेली. एकाच धर्मप्रांतात हे दोन प्रदेश आहेत, ही गोष्ट आपल्या मिस्सेतील (रविवारच्या उपासनेतील) प्रवचनांत किती वेळा येते?

या वेशीबाहेर आपण खऱ्या अर्थाने पडलो ते पाण्याच्या प्रश्नावर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला, विहिरींतून टँकर भरभरून उपसा सुरू झाला आणि गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. धर्मगुरूने राजकारणात पडू नये, हे त्यांना चर्चच्या आतूनही ऐकावे लागले. मोर्चात मात्र कॅथलिक आणि हिंदू, वाडवळ, कुपारी आणि कोळी सारेच होते, कारण पाणी खारट होताना ते कोणाची जात पाहत नाही. उपाशी माणसाला ताट वाढणे आणि त्याची विहीर वाचवणे यांत मी दुसरे अधिक कठीण समजते, कारण ताट वाढल्याने कोणी शत्रू होत नाही. अलीकडे काही गावांत लोक बुजत चाललेली बावखले (पाण्याची छोटी तळी) गाळ काढून पुन्हा जिवंत करत आहेत, तेही मी याच कामात धरते.

आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आजाऱ्याच्या घरी जाणे, मयताच्या घरी डबा पोहोचवणे, एकट्या म्हाताऱ्यांची औषधे आणणे ही कामे जवळजवळ सर्वत्र बायका करतात आणि धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळात निर्णय घेताना मात्र आवाज बहुधा पुरुषांचा असतो. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेल्या बंद घरांची संख्या वाढते आहे. येत्या काळातील वसईचा गरीब हा पैशाने गरीब नसेल, त्याच्याकडे बोलायला माणूस नसेल.

---

वसईचा वाटसरू

सर्वांचे आभार. सुकेळीताईंचे टोकणे मान्य आहे आणि बावखलांचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता.

बालाघाटचा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जामखेडला मंडळीचा खिसा नव्हता हे खरे, पण यरुशलेमच्या मंडळीत जे घडले ते तिथे घडले : कारभाऱ्यांनी स्वतः वाढण्याऐवजी ज्यांना अन्न हवे होते त्यांनाच माणसे निवडायला सांगितले. तेव्हा 'खिसा' हा शब्द मी मागे घेतो आणि 'निर्णय' हा शब्द ठेवतो. नगरी वाचक यांच्या दरबाराच्या उदाहरणालाही हे लागू पडते असे मला वाटते, कारण टिळकांचा दरबार शेवटपर्यंत टिळकांचाच राहिला. यावर ते सहमत होतील की नाही याची मला खात्री नाही.

एकाकी वृद्धांच्या प्रश्नाबाबत सभासदांना एक विचारतो. घरभेटी देणाऱ्या गटात वेगवेगळ्या धर्मांतील शेजाऱ्यांना सामील करून घेणारी एखादी मंडळी किंवा धर्मग्राम कोणाच्या पाहण्यात आहे का? असल्यास भेटींची पाळी कोण लावते, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्याची जबाबदारी कोणावर असते आणि घराची किल्ली कोणाकडे ठेवली जाते, हे कृपया तपशिलाने लिहावे. आमच्या आळीत हे काम किल्लीपाशीच अडले आहे.

---

नगरी वाचक

दरबाराविषयी असहमत आहे, त्यावर वेगळा धागा काढतो. किल्लीविषयी : आमच्या मंडळीत ती लगतच्या घरी ठेवतात, मग ते घर कोणाचेही असो, आणि पाळकसाहेबांकडे फक्त कोणाची किल्ली कुठे आहे याची वही असते. परदेशातील मुलांचे फोन क्रमांकही त्याच वहीत लिहिलेले असतात. वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी महिला मंडळाच्या दोघी जणी तपासतात.